वारस नोंदीला सही कर म्हणतात, पण कागद कसला?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मिळालं. त्यातला तपशील नाव-गाव वगळून आधी इथे देतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुमचं लग्न १९९१ चं. वडील जूनमध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही. गावाकडे आठ एकर जमीन, त्यात एक विहीर, गावठाणात राहतं घर. थोरला भाऊ म्हणतो, "पुढच्या गुरुवारी तालुक्याला ये, आधार-पॅन आण, वारस नोंदीला सगळ्यांच्या सह्या लागतात." वहिनी म्हणते, तुमचं लग्न ९४ च्या आधीचं, तुम्हाला तसाही हक्क नाही, सही नुसती औपचारिक आहे. इकडे तुमचे यजमान म्हणतात, हिस्सा घ्यायचा आणि विकून टाकायचा. आई काही बोलत नाही. आणि तुम्ही विचारता, "मला जमीन नको आहे, पण सही करताना हात थांबतोय. माझं चुकतंय का?"

हात थांबतोय ते बरंच आहे. गुरुवारी जाऊ नका. भांडायचं म्हणून नव्हे. कागद कसला आहे हे अजून तुम्हाला कोणी दाखवलेलं नाही म्हणून.

तुमच्या घरात तीन वेगवेगळी कामं एकाच नावाखाली चालली आहेत: वारस नोंद, हक्कसोड आणि वाटप. वारस नोंद म्हणजे मयताच्या जागी सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर चढणं. तिने कोणाचा हिस्सा कमी होत नाही आणि जमीनही तुटत नाही. हक्कसोड म्हणजे तुम्ही आपला हिस्सा कायमचा सोडणं. वाटप म्हणजे कोणाची कोणती पट्टी हे ठरवून हिस्से वेगळे करणं. पहिल्या कामाला तुमच्या हक्कसोडीची सही लागत नाही. एका वारसाने अर्ज केला तरी चालतो, त्यात सगळ्या वारसांची नावं मात्र खरी लिहावी लागतात. "वारस नोंदीला सही" असं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेणं हा गावोगावचा जुना प्रकार आहे. तुमचे भाऊ मुद्दाम फसवत असतील असं नाही. पुष्कळदा भावांनाही फरक माहीत नसतो, तालुक्याचा दस्तलेखक सांगेल ते ते करतात.

ओळखायचं कसं? वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलं जातं. बऱ्याच तालुक्यांत ही सगळी कार्यालयं एकाच आवारात असतात, त्यामुळे "तहसीलला चल" म्हणून नेलं तर कळत नाही. पण तुम्हाला कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढला, मशीनवर अंगठा ठेवायला सांगितला, सोबत दोन ओळखदार आणले असतील, तर ती वारस नोंद नव्हे, दस्त नोंदवला जातोय. पॅन कार्ड मागितलंय, हीसुद्धा खूण आहे. आणि नोटरीपुढे स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं, नोंदणी न केलेलं हक्कसोडपत्र स्थावर मिळकतीतला हक्क घालवू शकत नाही. नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार ते नोंदवावंच लागतं. तरीही अशा कागदावर सही करू नका. उद्या वादात तोच कागद "हिने तेव्हाच कबूल केलं होतं" म्हणून पुढे येतो.

आता हक्कसोडपत्रातली नेहमीची वाक्यं बघा. "सदर मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, विनामोबदला, कायमचा सोडून दिला असून यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा त्यावर कोणताही हक्क राहिलेला नाही." यात "माझ्या वारसांचा" म्हणजे तुमची मुलं. "विनामोबदला" लिहून हातात रोख रक्कम दिली असेल तर पुढे ती सिद्ध करता येत नाही, आणि कबूल केलेली बाकी रक्कम मागायलाही आधार उरत नाही. शिवाय मिळकतीच्या वर्णनात गट नंबर आणि क्षेत्र लिहून झाल्यावर एखादी ओळ सरकवलेली असते: "तसेच मयताच्या इतर सर्व स्थावर-जंगम मिळकती." त्या एका ओळीत गावठाणातलं घर आणि बँकेतली ठेवही गेली.

१९९४ बद्दल वहिनी म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहहिस्सेदार (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सा असलेल्या) केलं, आणि २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं, हे खरं. पण केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, त्यात लग्नाची अट नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात स्पष्ट केलं की मुलीचा हक्क मुलासारखाच जन्मापासूनचा आहे, आणि २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालं असेल तर मात्र ते उलटवता येत नाही. त्यामुळे भाऊ म्हणाले, "बापाच्या हयातीतच तोंडी वाटप झालंय," तर कागद मागा. तोंडी वाटपाचा दावा न्यायालय सहसा मानत नाही. त्याला त्या काळातले सरकारी कागद जोडावे लागतात.

हिश्शाचा हिशोब तुमच्या घरापुरता सोपा आहे. जमीन एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित धरली तर वडील गेले त्या क्षणी काल्पनिक वाटप झालं असं कायदा मानतो: वडील, आई, तीन मुलं, प्रत्येकी एक पंचमांश. मग वडिलांचा पंचमांश आई आणि तुम्हा तिघांत चौघांना वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी आणखी एक विसांश. बेरीज एक चतुर्थांश. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित धरली तरी मृत्युपत्र नसल्यामुळे चार वारस, चार समान हिस्से. दोन्ही बाजूंनी तुमच्या वाट्याला आठ एकरांतले दोन एकर येतात. "वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित" या वादावर तुमच्या बाबतीत वेळ घालवायची गरज नाही. मृत्युपत्र असतं तर तो प्रश्न मोठा झाला असता, कारण स्वकष्टाची जमीन वडील कोणालाही देऊ शकले असते.

या हिशोबात आईचा चौथा हिस्सा आहे, हे घरात कोणी बोललेलं दिसत नाही. बहिणीच्या सहीबरोबर आईचीही हक्कसोडीवर सही घेतली जाते, हे सर्रास घडतं. आईचं नाव सातबाऱ्यावर राहिलंच पाहिजे. तेवढ्यावर तिचा मान आणि औषधपाणी दोन्ही टिकतात. आईला कधी आपला हिस्सा मुलांना द्यावासा वाटलाच, तर बक्षीसपत्रात "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" ही ओळ हवी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट घालून दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ केला नाही तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसली की तिथेच अडतं.

आता करायचं काय ते क्रमाने. आज घरबसल्या महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा, एका उताऱ्याला १५ रुपये लागतात. सोबत आठ-अ काढा, म्हणजे वडिलांच्या नावावर एकूण किती गट आहेत ते कळेल. घरच्यांना आठवतात त्यापेक्षा एखादा गट जास्त निघणं नवीन नाही. मग "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून वडिलांच्या नावावर एखादा फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) आधीच पडलाय का बघा. जून होऊन गेला आहे, त्यामुळे ही पायरी टाळू नका.

फेरफार पडलेला नसेल तर वारस नोंदीचा अर्ज तुम्हीच करू शकता, तलाठ्याकडे जाऊन किंवा ई-हक्क प्रणालीवर. सोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, तुमचं आधार आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. प्रतिज्ञापत्रात चारही वारसांची नावं, वय, नातं आणि पत्ता लिहा. हेच प्रतिज्ञापत्र एखाद्या भावाने आधी दिलं असेल आणि त्यात "मयतास दोन मुलगे व पत्नी एवढेच वारस" असं लिहिलं असेल, तर तुमचं नाव तिथेच गळालेलं असतं. तुमच्यासारख्यांची आणखी एक अडचण नावाची असते: शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं स्वतंत्र प्रतिज्ञापत्र करून लग्नाच्या नोंदीचा पुरावा जोडा. लग्न १९९१ चं, नोंदणी बहुधा नसेलच; तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनं रेशनकार्ड शोधा, आणि गावच्या पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला घ्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

अर्ज गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत चढतो. चौकशी होऊन मंडळ अधिकारी वारस ठरवतात, मग नमुना ६ मध्ये फेरफार घेतला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीला १५ दिवस असतात. कोणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये जातं आणि सुनावणी होते. तुमचं नाव वगळून फेरफार पडल्याचं दिसलं तर याच १५ दिवसांत लेखी हरकत द्या. तलाठ्याला तोंडी सांगितलेलं रेकॉर्डवर येत नाही. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील करायचं, मुदत ६० दिवस. नोंद तुम्हाला उशिरा कळली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा, आणि कळल्याची तारीख पुराव्यासह लिहायची.

नोंद झाल्यावर सातबारा पुन्हा काढून नाव कुठल्या रकान्यात आहे ते नीट बघा. बहिणींची नावं भोगवटादाराच्या रकान्यात न घालता "इतर हक्क" मध्ये टाकायची खोड अजून गेलेली नाही. तिथे नाव असलं की पुढे कर्ज, मोजणी, भूसंपादनाचा मोबदला या प्रत्येक वेळी "तुमचा हक्क फक्त नोंदीपुरता" असं ऐकावं लागतं. तसंच थोरल्या भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) लागून बाकीची नावं गायब झाली असतील तर तेही दुरुस्त करून घ्या. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे खरं. तरी नाव नसलेल्या बहिणीला विचारायला कोणी येत नाही, हेही तितकंच खरं.

भावाशी बोलायचं कसं, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न. फोनवर वाद घालू नका, एवढंच म्हणा: "दादा, वारसाला आपल्या चौघांचीही नावं लागू दे. सही कशावर करायची तो कागद आठ दिवस आधी मला पाठव, मी वाचून घेते. तोवर मी कुठे येत नाही." लग्नाचा खर्च, दागिने, दरसालची साडीचोळी यांचा हिशोब निघेल. त्याला उत्तर देऊ नका. वारसा हक्कातून लग्नाचा खर्च वजा होत नाही, आणि मानपान हा हिश्शाचा हप्ता नव्हे. "माहेर तुटेल" हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. ती भीती खरी असते. म्हणूनच पहिली मागणी नोंदीची ठेवावी, वाटपाची नाही. नुसतं नाव लागल्याने कोणाच्या ताब्यातली काकरीही हलत नाही.

भावाचीही एक अडचण आहे, ती त्यांच्या जागी उभं राहून बघा. कसतात ते. दरवर्षी पीककर्जाला, विहिरीच्या वीज जोडणीला, अनुदानाला सगळ्या खातेदारांची संमती मागतात, आणि दोनशे किलोमीटरवरच्या बहिणीला प्रत्येक वेळी बोलवायचं म्हणजे वैताग. "एकदाची सही कर" यामागे अनेकदा हावेपेक्षा हा वैताग असतो. यावर तोड आहे: पीककर्ज, वीज, अनुदान आणि सरकारी कार्यालयांतली कामं एवढ्यापुरतं मर्यादित कुलमुखत्यारपत्र भावाला द्या आणि त्यात "विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड यांचा अधिकार नाही" हे वाक्य शब्दशः घाला. "सर्वाधिकार" हा शब्द दिसला की परत पाठवा. पीककर्जाला बँक जमिनीवर बोजा चढवते, म्हणून कर्जाची कमाल रक्कमही लिहा.

पुढे हिश्शाचं काय करायचं ते सहा महिन्यांनी ठरवलं तरी चालेल. जमीन भावानेच कसायची आणि तुम्ही धान्य किंवा ठरलेली रक्कम घ्यायची, हा पहिला मार्ग. त्यात दरवर्षी काहीतरी लेखी राहू द्या. पैसे खात्यात येऊ द्या किंवा निदान व्हॉट्सअॅपवर "तुझ्या वाट्याची ज्वारी पाठवली" असा निरोप असू द्या. एकत्र मिळकतीतून आपल्याला बाजूला सारल्याचं कळल्यापासून १२ वर्षांत दावा लावावा लागतो, आणि अशा निरोपांवरून तुम्हाला बाजूला सारलेलं नव्हतं हे दाखवता येतं.

दुसरा मार्ग वाटपाचा. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज होतो, सहधारकांचे जबाब होतात, भूमी अभिलेख खात्याची मोजणी होऊन पोटहिस्से पडतात. वाटप बिघडतं ते एकरांवरून कमी, पाणी आणि वाटेवरून जास्त. तुमच्या आठ एकरांत विहीर एकच. ती ज्याच्या पट्टीत जाईल त्याच्या दोन एकरांची किंमत वेगळी, उरलेल्या सहा एकरांची वेगळी. म्हणून वाटपपत्रात विहिरीत चौघांचा हिस्सा, पाण्याच्या पाळ्या किती दिवसांच्या, मोटारीचं वीजबिल आणि दुरुस्ती कोणी कशी भरायची, पाइपलाइन कोणाच्या शेतातून जाणार, बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट कोणत्या बांधाने, हे सगळं लिहा. "पूर्वापार वहिवाटीप्रमाणे" एवढंच लिहून सोडलं की पाचव्या वर्षी भांडण ठरलेलं. बांधावरची झाडं कोणाची, हेही लिहा. हसू नका, आंब्याच्या दोन झाडांवरून कोर्टात गेलेली घरं आहेत.

हिस्सा भावांनाच विकायचा असेल तर तेही सरळ आहे. किंमत ठरवा, रक्कम बँकेतून घ्या, दस्तात मोबदला लिहा, मुद्रांक शुल्क खरेदीखताप्रमाणे पडेल. बाहेरच्याला विकायचं मनात आलं तर आधी भावांना विचारावं लागतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सहवारसांना पहिला खरेदीचा हक्क आहे आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो.

आणि सगळं समजून घेऊन तुम्हाला सोडायचाच असेल तर सोडा, त्यात कमीपणा नाही. फक्त कोणाच्या लाभात सोडताय ते नाव लिहा, आणि ते नाव आईचं असू शकतं हे लक्षात ठेवा. विनामोबदला आई किंवा भावाच्या लाभात केलेल्या वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. सही करण्याआधी एक गोष्ट तपासा: सासरी शेतजमीन आहे का? नसेल आणि तुम्ही इथला पूर्ण हिस्सा सोडला, तर पुढे शेतकरी दाखला दाखवायला काही उरणार नाही, आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणून निदान थोडे गुंठे तरी स्वतःच्या नावावर ठेवणं शहाणपणाचं.

यजमानांबद्दल थोडक्यात. हा हिस्सा तुमचा एकटीचा आहे. वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तो तुमच्या पूर्ण मालकीचा. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही आणि विकायला त्यांची परवानगीही लागत नाही. भावाला "आत्ता नको" म्हणताय तसंच घरातही म्हणता येईल. पैसे आलेच तर तुमच्या एकटीच्या नावाच्या खात्यात जाऊ द्या, संयुक्त खात्यात नको.

बोलून काही निघालं नाही तर लगेच दावा ठोकू नका. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. दाव्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवता येते, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं. दरम्यान भाऊ जमीन विकतील अशी शंका असेल तर मात्र थांबू नका: वाटपाचा दावा, सोबत मनाई हुकुमाचा अर्ज, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं ही तिन्ही कामं एका दमात करायला वकिलाला सांगा. नोटीस नोंदवायची राहिली तर घेणारा "मला दाव्याची कल्पना नव्हती" म्हणून उभा राहतो.

हे वाचणाऱ्या काही जणींनी असली सही आधीच केलेली असेल. त्यांनी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या नावाचा दस्त शोधून सूची क्रमांक दोन (दस्ताचा नोंदणीतला गोषवारा) आणि दस्ताची प्रमाणित नक्कल काढावी. दस्त नोंदवलेलाच नसेल तर हिस्सा शाबूत आहे, थेट वारस नोंदीच्या मागे लागा. नोंदवलेला असेल आणि वारस नोंद म्हणून फसवून सही घेतली असेल, तर तो रद्द करण्याच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात. सही केली त्या दिवशी सोबत कोण होतं, फोनवर काय सांगून बोलावलं होतं, कागद वाचून दाखवला का, हे आजच तारखेनिशी लिहून काढा आणि फोनमधले जुने निरोप पुसू नका.

— सल्ला विभाग